सहा मापं मीठ

माझी बायको हॉस्पिटलात होती तेव्हा शेवटच्या तीन दिवसांत मी तिच्याशी सहा वेळा खोटं बोललो. नंतर तेच खोटं मी माझ्या हाताने, शाईने, रजिस्टरमध्ये लिहिलं. ते कसं झालं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच सांगायचं आहे. मला लिहायची सवय नाही. रजिस्टर भरायची आहे, तेवढीच.

आम्ही दोघं एकाच संस्थेत होतो. ती गव्हावर संशोधन करायची आणि मी ग्रीनहाऊसमधला मदतनीस. टाक्या धुणं, पाणी भरणं, पंप बघणं, पाण्याचा खारेपणा दाखवणाऱ्या मीटरचे आकडे लिहिणं ही माझी कामं. लग्न झालं तेव्हा कँटीनमध्ये लोक मला विचारायचे, "काय हो, मॅडम घरी पण सही मागतात का?" मी म्हणायचो, "सही नाही, तारीख मागतात." ते खरंच होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पट्टी असायची आणि पट्टीवर तारीख. पट्ट्या नेहमी पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण पाणी लागलं की शाई उडते, पेन्सिल उडत नाही. एकदा रविवारी मी डुलकी काढत होतो तर माझ्या शर्टाच्या खिशाला तिने रोपाची पट्टी अडकवली. त्यावर लिहिलं होतं, "नर. जपून हाताळणे." ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.

तिचं शेवटची तीन वर्षं एकच काम चालू होतं. खाऱ्या जमिनीत गहू का मरतो आणि एखादा का मरत नाही, हे ती शोधत होती. मला तिने ते असं सांगितलं होतं. झाड मुळाने पाणी ओढतं, पाण्याबरोबर मीठ वर चढतं, पानात साठतं आणि पान जळतं. काही झाडांच्या मुळाशी मात्र एक राखणदार असतो. वर चढणारं मीठ तो वाटेतच काढून घेतो आणि पानापर्यंत पोहोचू देत नाही. तो राखणदार बनवायची कृती झाडाच्या जनुकात लिहिलेली असते. आपल्या शेतातल्या गव्हातून ती कृती कधीच हरवली. एका जुन्या रानगव्हात ती अजून आहे. त्या रानगव्हाचे परागकण घेऊन तिने शेतातल्या गव्हावर संकर केला. फुलातले नर भाग उमलायच्या आत चिमट्याने एकेक काढायचे, कणसावर कागदाची पिशवी चढवायची, दोन दिवसांनी पराग लावायचा. ती हे करायची तेव्हा मी स्टूल धरून उभा असायचो. नोंदीत आईचं नाव आधी लिहितात, बापाचं नंतर. ती म्हणायची, "बघा, जगात एवढा एकच धंदा आहे जिथे आई आधी येते."

त्या संकराच्या नातवंडांची, म्हणजे दुसऱ्या पिढीतल्या चाळीस रोपांची परीक्षा व्हायची होती तेव्हाच ती आजारी पडली.

परीक्षेची पद्धत ठरलेली आहे. रोपं मातीत नाहीत, पाण्यावर वाढवायची. एका टाकीत दोनशे लिटर पाणी. चाळीस रोपांच्या सोबतीला त्याच टाकीत दोन ओळखीची वाणं लावायची, एक मिठाला पक्कं आणि एक कच्चं. मग मीठ घालायचं. दोनशे नव्वद ग्रॅमचं एक माप, सकाळी आठला एक, संध्याकाळी पाचला एक, असं तीन दिवस. सहा मापं. सगळं एकदम घातलं तर झाड मिठाने नाही, धक्क्याने मरतं, आणि मग आपल्याला काहीच कळत नाही. हे तिचं वाक्य. नवीन माणूस आला की ती हे पहिल्या दिवशी सांगायची.

तिची टाकी तीन नंबरची होती. मीठ मी घालायचं होतं. दुसरा मदतनीस रजेवर होता, आणि तिच्या हाताखाली शिकणारी मुलगी, जिला आम्ही दोघं चिमणी म्हणायचो, ती कॉलेजच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी आपल्या घरी गेली होती.

पहिल्या दिवशी सकाळी मी निघालोच होतो. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला की लगेच या. गेलो. तिला श्वास पुरत नव्हता. दुपारी जरा बरं वाटल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला.

"अहो, मीठ घातलंत का?"

"घातलं."

"मीटर किती?"

"चार."

"चार. बरोबर आहे." आणि तिने डोळे मिटले.

बरोबर असणारच. पंचवीस वर्षं मी ते आकडे लिहितो आहे. साधं पाणी दीड, पहिल्या मापाला चार, मग साडेसहा, नऊ, साडेअकरा, चौदा, सोळा. झोपेतही सांगेन.

मला वाटलं होतं, संध्याकाळी जाऊन घालू. संध्याकाळी तिचा हात माझ्या हातात होता, आणि मी तो सोडवला नाही. असे तीन दिवस गेले. ती जागी झाली की विचारायची आणि मी आकडा सांगायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "सहावं झालं?"

"झालं. सोळा."

"मग आता दहा दिवस हात लावू नका हं. उगाच जाऊन बघत बसाल."

"नाही बसणार."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मी कामावर परत गेलो तो नवव्या दिवशी. टाकीतली रोपं हिरवीगार उभी होती. पंप आपला चालू होता. मीठ तसंच पोत्यात. मी मापाचा डबा हातात घेऊन किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. आता घालून उपयोग नव्हता, पान कापायला चिमणी चार दिवसांनी यायची होती. खरं म्हणजे मी तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं. टाकी धुऊन नव्याने लावता आली असती. पण मी रजिस्टर उघडलं, ते सहा रिकामे रकाने पाहिले, आणि जे तिला सांगितलं होतं तेच लिहिलं. चार, साडेसहा, नऊ. वाटलं, ती गेली ती मीठ घातलं असं समजून गेली, तर निदान कागदावर तरी ते घातलेलं असू दे. हा विचार कुणाला पटणार नाही. तेव्हा मला पटला होता.

त्यानंतर महिना गेला असेल. मी घरून कामावर आणि कामावरून घरी जात होतो. आमची मुलगी रोज फोन करायची. ती दूर असते. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "काय केलं होतं?" इथे मी अडकायचो, कारण बहुतेक वेळा काहीच केलेलं नसायचं. मग म्हणायचो, "कालचंच." ती म्हणायची, "बाबा, रोज कालचंच कसं असतं हो?" आणि आम्ही दोघं थोडं हसायचो आणि फोन ठेवायचो. मग घरात फ्रीजचा आवाज तेवढा असायचा.

एक दिवस चिमणी ग्रीनहाऊसमध्ये आली. मी गाळण्या धूत होतो. ती नेहमी आली की आधी बडबड करते. त्या दिवशी नुसती उलट्या बादलीवर बसली.

"काका, मॅडमच्या चाळिसांचे आकडे आले."

"मग?"

"चाळीसच्या चाळीस रोपांच्या पानात मीठ नाहीच. यंत्राची ज्योत निळीच्या निळी." तिच्या त्या यंत्रात पानाचा अर्क ज्योतीवर फवारतात. मीठ असेल तर ज्योत पिवळी होते, आणि किती पिवळी त्यावरून आकडा येतो.

"चांगलंच झालं की."

"चांगलं कसं? चारातलं एक रोप तगायला हवं होतं. आईकडून एक प्रत, बापाकडून एक, दोन्ही चांगल्या मिळाल्या तरच एवढ्या कडक मिठात निभाव लागतो. नातवंडांत तसं चारात एकाला मिळतं. इथे सगळीच तगली. आणि हे ऐका, कच्चं वाणसुद्धा तगलं. ते कधी तगतं का?"

मी गाळणी धुतच राहिलो.

"काका, टाकीत मीठ होतं ना?"

"रजिस्टर बघ की," मी म्हणालो.

"बघितलं. सहाही मापं आहेत. साहेब म्हणतात, मॅडमनी आजारपणात पाकिटं बदलली. सगळीकडे पक्क्याच वाणाचं बी लावलं गेलं. म्हणजे आता त्या संकराच्या कुठल्याच पाकिटावर विश्वास ठेवता येत नाही. शुक्रवारी बियांची कोल्ड रूम रिकामी करायची आहे, त्यात मॅडमचा खण टाकून देणार."

"तिने कधी पाकीट बदललं नाही."

"मला नका सांगू. मी तेच म्हणाले. साहेब म्हणाले, आजारी माणसाचा काय भरवसा."

चिमणी गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. तीन नंबरच्या टाकीवरची, भोकांत रोपं बसवायची फोमची पाटी तिथे कोपऱ्यात टेकवून ठेवलेली होती. तिची एक सवय होती. रोपाचा नंबर ती दोनदा लिहायची, एकदा वर पट्टीवर आणि एकदा पाटीच्या खालच्या अंगाला, जिथे कुणी बघत नाही. मी पाटी उलटी केली. पेन्सिलीचे आकडे मुळांच्या हिरवट डागांतही स्वच्छ दिसत होते. एक ते चाळीस, कडेला "पक्कं" आणि "कच्चं". प्रत्येक आकड्यापुढे पाकिटाचा नंबर आणि बारीक बरोबरची खूण. हे तिने हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी केलेलं, आजारपणातच. एकही आकडा चुकलेला नव्हता.

ती पाटी साहेबांपुढे नेऊन ठेवली असती तर ते एवढंच म्हणाले असते, मग कच्चं वाण तगलं कसं? त्याचं उत्तर एकट्या माझ्याकडे होतं.

तो बुधवार होता. त्या दिवशी मी काही बोललो नाही. घरी आलो. डब्यांवरच्या पट्ट्या मी काढलेल्या नव्हत्या. त्यातल्या बऱ्याच डब्यांत आता काही नव्हतं, तरी पट्टीवर लिहिलेलं होतं की आहे. मी ओट्यापाशी उभा राहून त्या वाचत होतो. इतक्या वर्षांत तिने लिहिलेलं खोटं निघालं असं एकदाही झालं नव्हतं. माझ्यामुळे आता तेच होणार होतं, तिची चूक म्हणून कागदावर येणार होतं, आणि ती उत्तर द्यायला नव्हती. मुलीचा फोन आला. "बाबा, आवाज असा का येतोय?" म्हटलं, सर्दी. हेही खोटंच.

गुरुवारी सकाळी मी चिमणीला मागच्या खोलीत बोलावलं आणि पाटी दाखवली. मग सांगितलं. तीन दिवस कसा गेलो नाही ते, आणि आकडे केव्हा लिहिले ते. सांगायला फार वेळ लागला नाही.

ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"रजिस्टर बघ म्हणालात."

"हो."

"मी चार रात्री झोपले नाही! मला वाटलं, माझंच यंत्र बिघडलं. तीनदा सगळं परत मोजलं." तिचे डोळे भरले आणि तिने ते बाहीने रागारागाने पुसले. "मॅडम मला एक आकडा खोडू द्यायच्या नाहीत. आणि तुम्ही, घरातलेच..."

"चुकलं माझं, पोरी."

"मला काय सांगता? साहेबांना सांगा. मी नाही सांगणार तुमच्या वतीने."

मी पाटी उचलून साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"सात महिने."

"हे सगळं लेखी द्या. सही, तारीख."

"देतो. तिच्या पाकिटांचं काय?"

ते पाटीच्या खालच्या अंगाकडे बघत राहिले. "बाईंनी खालून पण लिहून ठेवलंय?"

"नेहमीच लिहायची."

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पाकिटं राहू द्या. पुन्हा लावा. पण मीटर आता तुम्ही बघायचं नाही."

चिमणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, "बी थोडंच उरलंय. चाळीस लावून चार राहतील. रोपं लावेन मी. मीटर बघेन मी. मीठ तुम्ही घालायचं."

"मी?"

"तुम्हीच. सहाच्या सहा."

रोपं उगवून तिसरं पान यायला जेवढे दिवस लागतात तेवढे गेले. मग पहिला दिवस आला. मी सकाळी आठला डबा भरला, काट्यावर ठेवला. दोनशे नव्वद. बाजूच्या बादलीत विरघळवलं आणि टाकीत हळूहळू सोडलं. चिमणीने मीटर बुडवलं आणि माझ्याकडे न बघता आकडा लिहिला. मी विचारलं नाही. संध्याकाळी दुसरं. रोपं चांगली होती, अगदी कोवळी, हिरवी. पंचवीस वर्षं मी मीठ घालतो आहे, कधी काही वाटलं नव्हतं. या वेळी चौथं माप घालताना हात जड झाला. ती रोपं तिची शेवटची होती, आणि त्यांना जाळायला मीच उभा होतो.

सहावं माप घातलं तेव्हा चिमणी मीटर घेऊन यायची होती. मी एकटाच होतो. बादली खाली ठेवली आणि तोंडातून आपसूक गेलं, "घातलं." कुणी आकडा विचारला नाही. पंप चालू होता.

दहा दिवस हात लावला नाही. बघायला मात्र रोज गेलो, ते तिला आवडलं नसतं. बाराव्या दिवशी कच्च्या वाणाची टोकं पिवळी पडली. मग चाळिसातली एकेक पडू लागली. आधी जुनी पानं जायची, टोकाकडून कागदासारखी वाळत देठापर्यंत. अठराव्या दिवशी चिमणी आणि मी समोरासमोर बसून मोजलं. ती मोठ्याने म्हणत होती, मी बोटांवर मोजत होतो. एकोणतीस जळाली होती. अकरा हिरवी.

"चारात एक म्हणजे दहा," ती म्हणाली. "अकरा आलीत. काका, चारात एकच आहे हे!"

"हिरवी तर मागच्या वेळी चाळीस होती."

"मागच्या वेळी त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं ना. मीठ नसलं तर सगळी सारखीच दिसतात." बोलून गेल्यावर तिला वाटलं, मला लागलं असेल. "तसं नाही हो म्हणायचं मला."

"खरं आहे ते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने मला यंत्रापाशी बोलावलं. जळालेल्यातल्या एकाचं पान लावलं तर ज्योत भडक पिवळी झाली. मग अकरांतलं एक लावलं. ज्योत निळी राहिली, कडेला जरासा पिवळा धागा आला आणि गेला. अकराही तिने एकामागून एक लावली आणि मी उभा राहून बघितली. राखणदार होता. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ती ऐकायला नव्हती.

त्या संध्याकाळी मी जुनं रजिस्टर काढलं. आमच्याकडे चुकलेला आकडा खरवडत नाहीत, त्यावर एकच आडवी रेघ मारतात, म्हणजे खालचं वाचता येतं. सहा आकड्यांवर सहा रेघा मारल्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "मीठ घातलेले नव्हते," आणि सही केली. खालचं सगळं वाचता येत होतं. चार, साडेसहा, नऊ, साडेअकरा, चौदा, सोळा.

मग अकरा रोपं कुंड्यांत हलवायची होती, बी धरण्यासाठी. चिमणी म्हणाली, "पट्ट्या तुम्ही लिहा, माझं अक्षर घाण आहे." तिचं अक्षर चांगलं आहे.

एका कुंडीला दोन पट्ट्या, एक वर खोचायची आणि एक मातीत खाली पुरायची. आधी आई, मग बाप, मग संकर करणाऱ्याचं नाव. नावापाशी मी थांबलो. इतक्या दिवसांत ते मी पुष्कळ ठिकाणी लिहिलं होतं, बँकेत, हॉस्पिटलात, पेन्शनच्या अर्जांत, आणि दर वेळी ते "मयताचे नाव" या रकान्यात बसवावं लागलं होतं. पट्टीवर तसा रकाना नसतो. तिथे नुसतं नाव लिहायचं असतं.

ते मी बावीस वेळा लिहिलं. पेन्सिलीने.